एका मात्रेचा फरक

मरगदम अक्कांच्या संगणकावर एकावर एक उघडून ठेवलेल्या अकरा खिडक्या कनगसबैंनी एकेक करून मिटल्या. शेवटची मिटली आणि माउसवरचा त्यांचा हात तसाच राहिला.

पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात गेली पंधरा वर्षं तीन ओळी असत. यंत्राचा क्रमांक, बसणाऱ्याचं नाव आणि त्याखाली, 'अडचण आल्यास : कनगसबै, २१४'. आता तिथं चेन्नईच्या कुठल्याशा कंपनीचं नाव होतं, आणि खाली इंग्रजीत 'मदत कक्ष, २१४'.

"हे कधीपासून असं आहे?"

"कुठलं?" अक्का माल पाठवण्याच्या चिठ्ठ्या लावत होत्या. त्यांनी मान वळवून पाहिलं. "ते होय. झाले असतील चार दिवस. याळिनी येऊन काहीतरी करून गेली. तपासून बघतेय म्हणाली. मला वाटलं, तुम्हीच पाठवलंत."

"हो," कनगसबै म्हणाले. "मीच."

कोइम्बतूरच्या त्या पंप कारखान्यात तीनशे बारा संगणक होते. पूर्वी फोन यायचा तो 'माझा कम्प्युटर, तो खिडकीजवळचा' असा. कुठल्या खिडकीजवळचा हे शोधण्यात अर्धा दिवस जाई. म्हणून कनगसबैंनी हा मजकूर प्रत्येक पडद्याच्या पार्श्वभूमीवर आणला. एका ठिकाणी लिहायचं, की संगणक सुरू होताना सगळीकडे तेच उमटे. ओतशाळेतल्या भांडारपालांना इंग्रजी वाचता येत नसे, म्हणून तमिळमध्ये आणला. अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसायचे. ते नीट व्हायला चार महिने गेले होते. त्या कोपऱ्यामुळे कारखान्यात पोराटोरांनाही त्यांचं नाव ठाऊक होतं, आणि या गोष्टीचं त्यांना जितकं वाटायचं तितकं त्यांनी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

याळिनीला त्यांनीच घेतलं होतं, सहा वर्षांपूर्वी. पहिले दोन महिने ती आपण चुकू या भीतीनं कशाला हातच लावत नव्हती. तेव्हा ते म्हणाले होते, बिघडव, मी आहे. तिच्या डब्यातला लिंबूभात त्यांच्या डब्यात आणि त्यांच्या घरचं वडगम, म्हणजे तळलेले सांडगे, तिच्या डब्यात, असं रोज चाले.

त्या दुपारीही डबे उघडले. कनगसबै वाट पाहत होते. याळिनी धाकट्या भावाच्या परीक्षेबद्दल बोलली, चटणीत मीठ जास्त झालंय म्हणाली, आणि डबा धुवायला उठली.

दुसऱ्या दिवशी सांगेल. मग सोमवारी सांगेल. तीन आठवडे त्यांनी असे काढले. अखेर मालकांचे जावई दिनकरन यांनी बोलावलं. सगळं काम चेन्नईच्या कंपनीकडे जाणार होतं, कनगसबैंनी महिनाअखेरीस निवृत्ती घ्यावी असं ठरलं होतं. याळिनीला ती कंपनी सामावून घेणार होती. दिनकरन सौजन्यानं बोलले, कॉफी मागवली. उठता उठता म्हणाले, "नंबर मात्र तोच ठेवतोय बरं का. दोनशे चौदा सगळ्यांना पाठ आहे. नाव काढलं की झालं."

पडद्यांवरचा बदल त्याआधीच, येत्या सोमवारी लागू व्हायचा होता. आदल्या शनिवारी पेरियवरांनी, म्हणजे थोरल्या मालकांनी, नमुना पाहिला आणि एकच विचारलं, तमिळ कुठं आहे? याळिनीला तमिळ वाचता छान यायचं, पण टंकायला बसली की ती अडखळायची. ती कनगसबैंच्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"सर, एवढी एक ओळ कराल?"

त्यांनी खुर्ची पुढं ओढली. 'मदतीसाठी २१४ ला बोलवा.' शेवटचा शब्द होता अळैक्कवुम्, बोलवा. बोट घसरलं आणि मात्रा चुकून पडद्यावर उमटलं अळिक्कवुम्. पुसून टाका. नष्ट करा.

कनगसबैंनी ते पाहिलं. खोडायच्या बटणावर बोट ठेवलं. मग ते बोट उचलून त्यांनी चष्मा काढला, रुमालानं सावकाश पुसला, आणि म्हणाले, "घे. झालं."

रविवारभर ते घरी चिडचिडत होते. संध्याकाळी एकदा फोन हातात घेतला आणि पुन्हा ठेवून दिला.

सोमवारी नऊ वाजता तीनशे बारा पडद्यांवर एकदम उमटलं, 'मदतीसाठी २१४ ला नष्ट करा'. हसू पहिल्यांदा ओतशाळेत फुटलं. कुणीतरी फोटो काढला, आणि अकराच्या आत तो मदुरैच्या विक्रेत्यांपर्यंत पोचला. तिथून एकानं थेट पेरियवरांनाच विचारलं, तुमच्याकडं एवढा मुडदा पाडायचं काय निघालं?

पेरियवरांनी दिनकरन, कनगसबै आणि याळिनी या तिघांनाही आत घेतलं. ते ओरडले नाहीत. भाषेची लाज कशी राखावी यावर ते बराच वेळ हळू आवाजात बोलले. दिनकरन यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"कुणी लिहिली ही ओळ?"

आता सांगावं, असं कनगसबैंच्या मनात आलं. ओठ उघडायला जेवढा वेळ लागतो तेवढाच काय तो उशीर झाला.

"मी, सर," याळिनी म्हणाली. समोरच्या भिंतीकडं बघत.

पुढचं आठवडाभरात आटोपलं. चेन्नईच्या कंपनीनं कळवलं, ही मुलगी नको. पेरियवरांनी करारच एक वर्ष पुढं ढकलला. दिनकरन स्वतः कनगसबैंच्या टेबलाशी आले. "या वयात तुम्हाला त्रास देतोय, पण वर्षभर थांबा. आजकालच्या मुलांना घाई फार." मरगदम अक्कांनी पेढे आणले, सगळ्या विभागात वाटले. कनगसबैंनी एक तोंडात टाकला आणि बराच वेळ तो तसाच धरून ठेवला.

शुक्रवारी याळिनी खण रिकामा करत होती. एक कंगवा, औषधाची पट्टी, भावाच्या प्रवेशपत्राची प्रत. कनगसबै उगाचच तारांची गुंडाळी करत तिथं रेंगाळले.

"मी जाऊन सांगतो त्यांना," ते शेवटी म्हणाले. "अजून वेळ गेलेली नाही."

"राहू दे, सर."

"माझ्या हातून..."

"मी शनिवारीच वाचली होती ती ओळ," याळिनी म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तुमच्या टेबलावरून माझ्या टेबलापर्यंत जातानाच. मला वाटलं, तुम्ही रविवारपर्यंत फोन कराल."

"मग बदलली का नाहीस?"

तिनं पिशवीचे बंद ओढून गाठ मारली.

"मी अक्कांच्या मशीनवर करून गेले, ते तुम्ही चौथ्याच दिवशी पाहिलंत. अक्कांनी सांगितलं होतं मला. तुम्ही तीन आठवडे रोज माझ्यासमोर बसून जेवलात, सर. तुम्ही तरी कुठं विचारलंत?"

ती वाकली. नेहमीच्या सवयीनं त्यांच्या पायांना हात लावायला वाकली की खाली पडलेला कंगवा उचलायला, हे त्यांना कळलं नाही. आशीर्वादासाठी हात वर उचलेपर्यंत ती सरळ उभी राहिली होती, आणि कंगवा तिच्या हातात होता.