कोरडी मोरी

कुशाबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, पण नाकानं ती कसर भरून काढली होती. कांद्याच्या ढिगाशेजारून नुसत्या गेल्या तरी त्या सांगायच्या, "उजव्या अंगाला, तळाशी, एक सडलाय." हात घालून बघितलं की तो निघायचाच. चाकणच्या शनिवारच्या बाजारात त्या येताना दिसल्या की काही कांदेवाले पुढची पाटी हळूच मागं सारायचे.

असं नाक घेऊन ही बाई पिंपरीच्या क्वार्टरात राहायला आली. आणि क्वार्टरात संडास घराच्या आत.

त्यांचा मुलगा गेनबा औषधांच्या कारखान्यात लागला होता. कारखाना नवा, वसाहत नवी, भिंतींचा चुनासुद्धा अजून हाताला लागायचा. दोन खोल्या, मागं मोरी, मोरीला लागून संडास, वर पाण्याची टाकी आणि लोंबती साखळी. साखळी ओढली की धरण फुटल्यासारखा आवाज व्हायचा. कुशाबाईंना यातलं काही पसंत नव्हतं. वाडीत माणूस पहाटे तांब्या घेऊन ओढ्यापलीकडं जायचं. जे ओढ्यापलीकडं करायचं ते चुलीच्या पाठीला करायचं म्हणजे काय, हे त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं, म्हणून त्या वाडीतच राहिल्या होत्या.

पण संक्रांतीच्या सुमाराला त्या विहिरीच्या पायरीवर घसरल्या. पायरी दिसलीच नाही. मनगट दुखावलं, आणि घरात पाणी द्यायलाही कोणी नाही. गेनबा सुट्टीच्या दिवशी जाऊन "चल" म्हणायचा आणि एकटाच परत यायचा. शेवटी त्याची बायको रतनबाई त्यांना आणायला गेली. ही रतनबाई लग्न होऊन आली तेव्हा फ्रॉकातून नुकती लुगड्यात आलेली पोर होती. आई आधीच गेलेली, डोकं उवांनी भरलेलं. कुशाबाईंनी तिला रोज अंगणात पुढ्यात बसवून फणी फिरवली होती आणि कधी कपाळाला आठी पडू दिली नव्हती. बायका सासू जावी म्हणून देव पाण्यात ठेवतात. रतनबाईनं सासू यावी म्हणून ठेवले होते.

"येते," कुशाबाई म्हणाल्या. "पर आधीच सांगून ठिवते. घरात वास आला तर मी ऱ्हायची न्हाई. मंग हिरीत पडंन न्हाईतर वढ्यात."

"न्हाई येनार, आत्याबाई. मी हाय न्हवं."

हे बोलणं पोकळ नव्हतं. रतनबाईइतकी चोख बाई त्या ओळीत दुसरी नव्हती, आणि चोखपणा तिला शिकवला होता कुशाबाईंनीच. त्यातला पहिला धडा मोरीचा. "मोरी कोरडी ठिवावी. साचल्या पान्याला वास सुटतो." वाडीतली मोरी म्हणजे एक दगडी फरशी आणि भिंतीला भोक, पाणी बाहेरच्या केळीला. तिथं हे शंभर टक्के खरं होतं. क्वार्टरातल्या मोरीच्या कोपऱ्यात मात्र लोखंडी जाळी होती, जाळीखाली वाटीसारखा खड्डा आणि त्यात कायम पाणी. पहिल्या दिवशी ते बघून रतनबाईला शिसारी आली. बांधणाऱ्याला उतार काढता आला नाही, असं तिचं मत झालं आणि ते तिनं दोन-चार जणींना सांगितलंही. तेव्हापासून सकाळच्या आंघोळी आणि धुणं आटपलं की ती जाळी उचलायची, करवंटीनं ते पाणी उपसायची, उरलंसुरलं चिंधीनं टिपायची आणि खड्डा पुसल्या ताटासारखा करून जाळी बसवायची. भांडी ती मागच्या अंगणात राखेनं घासायची. त्यामुळं मोरी दुसऱ्या दिवशीच्या आंघोळीपर्यंत कोरडी ठणठणीत.

शिमगा झाल्यावर कुशाबाई आल्या. सकाळ बरी गेली. दुपारी जेवून आडव्या झाल्या आणि डोळे मिटूनच म्हणाल्या, "रतने, वास येतोय."

"उनाचा आसंल, आत्याबाई."

"उनाला वास नसतो."

रतनबाईनं हुंगून बघितलं. येत होता खरा. तिलाही अधूनमधून यायचा, पण घरात संडास असल्यावर एवढं चालायचंच, अशी तिनं मनाची समजूत घातली होती. आता समजूत घालून भागणार नव्हतं. संध्याकाळी गेनबा आल्यावर त्याला विचारलं.

"मला तर काय येत न्हाई," तो म्हणाला.

"तुला कसा येनार?" कुशाबाई म्हणाल्या. "दिसभर त्या आंबवनाच्या टाक्यांपाशी हुबा. तुझं नाक कवाच कामावरनं गेलंय."

दुसऱ्या दिवसापासून रतनबाईनं पदर खोचला. संडास तर रोजच घासला जायचा, आता दोनदा घासू लागली. फिनेल ओतलं. चुलीतली राख टाकली. कडुलिंबाचा पाला आणून दारात बांधला. शेवटी उदाचं धुपाटणं घेऊन संडासाला आरती ओवाळल्यासारखी फिरली. आणि सगळ्यांत जास्त जीव लावला तो मोरीच्या खड्ड्यावर. वास त्या साचल्या पाण्याचाच, याबद्दल तिला शंका नव्हती. त्यात थेंब म्हणून राहू दिला नाही.

"आता कसं वाटतंय, आत्याबाई?"

कुशाबाईंनी मान वर करून वारा घेतला. "आधी त्यो येकटा व्हता. आता फिनेल हाय, ऊद हाय, आनि त्यो हाय. तिघं आल्यात."

त्या रागावल्या असत्या तर रतनबाईला सोपं गेलं असतं. रागावल्या नाहीत. दुपार झाली की पदर नाकाला लावून पुढच्या पायरीवर जाऊन बसायच्या. "तुझ्यात खोट न्हाई, पोरी. सकाळच्याला काय नसतं. दुपार झाली का सुटतो. जागाच वंगाळ, तू काय करशील?" आणि मग हळूच, "शनवारी बाजारचा दिस. भोसरीवरनं यष्टी मिळती. गेनू घालवाया यील."

वाडीत परत जाऊन ही बाई दिसत नसताना विहिरीवर जाणार, हे रतनबाईला डोळ्यांपुढं दिसत होतं. आता एकच जागा बघायची राहिली होती, माळा. वर उंदीर मेला असेल म्हणून ती पत्र्याच्या डब्यावर चढली. उंदीर नव्हता. डबा मात्र सरकला आणि रतनबाई पाय मुरगाळून खाली आली. घोटा भोपळ्यासारखा सुजला.

तेव्हा शेजारची शालनबाई धावून आली. ही परभणीकडची. लहानपणी घडाभर पाण्यासाठी कोस कोस चाललेली. घरात नळ आला तेव्हापासून ती पाण्याच्या बाबतीत राजाची राणी झाली होती. बादलीवर बादली फरशीवर ओतायची, मोरीत पाय घालून बसायची, भर दुपारी उगाच नळ सोडून त्याच्या धारेकडं बघायची. रतनबाई तिला म्हणायची, "बाई, हे घर हाय का वढा?" त्यावर शालनबाई हसायची, "माझ्या मायनं जलमभर वंजळीनं मोजलं. मी ओतायले तिच्या वाटचं."

रतनबाईच्या पायाला हळद-चुना लागला आणि मोरी-संडास शालनबाईच्या ताब्यात गेले. भिंतीला टेकून रतनबाई नुसता आवाज ऐकायची. धबाधब पाणी. पुसण्याचा आवाज नाही, टिपण्याचा नाही. तिच्या जिवाची तगमग व्हायची.

"शालनबाई, जाळीखालचं पानी उपसा बरं का."

"व्हय व्हय," शालनबाई म्हणायची आणि आणखी एक बादली ओतायची.

पहिली दुपार गेली. कुशाबाई पायरीवर गेल्या नाहीत. दुसऱ्या दुपारी त्या सुनेजवळ येऊन बसल्या, तिचा सुजका पाय मांडीवर घेतला आणि म्हणाल्या, "रतने, वास गेला बघ."

आनंद व्हायला पाहिजे होता. झालाही, निम्मा.

"त्या शालनचा हात चांगला हाय," कुशाबाई पुढं म्हणाल्या. "पान्याची उधळी हाय. पर हात चांगला."

उरलेला निम्मा आनंद तिथंच गेला. जिनं उभ्या जन्मात मोरी पुसली नाही तिचा हात चांगला, आणि आपण कंबर मोडून घासतो तर वास. रतनबाईनं उशीकडं तोंड केलं. बाकी पाय बरा करून घेण्याची तिला एकदम घाई झाली.

शुक्रवारी ती उठली. लंगडत मोरीत गेली. आत शालनबाईचं राज्य होतं, फरशी ओलीगच्च, खड्डा काठोकाठ. रतनबाईनं दात-ओठ खाऊन सगळं उपसलं, टिपलं, वरून सुक्या फडक्यानं पुसलं. आपला हात काय असतो ते आज दिसेल, असं तिला वाटत होतं.

दुपारी दिसलं. कुशाबाई आडव्या झाल्या, पुन्हा उठून बसल्या, पदर नाकाला लावला. कोपऱ्यातलं आपलं जुनेर ओढलं आणि त्यात एकेक वस्तू ठेवायला लागल्या. चंची, फणी, चष्म्याची मोडकी काडी. चष्मा केव्हाच हरवला होता.

रतनबाई लंगडत शेजारी गेली.

"शालनबाई, खरं सांगा. आमच्या मोरीत काय टाकलं व्हतं?"

"म्या काय टाकनार माय? पानी."

"आनि?"

"आनि पानी."

"जाळीखालचं उपसायचा न्हाई तुमी?"

शालनबाई बघतच राहिली. "ते कशाला उपसावं? आपसूक भरतंय, आपसूक ऱ्हातंय. तुमी उपसता व्हय? रोज?" तिनं हनुवटीला हात लावला. "काय हौस एकेकीला."

रतनबाईनं तिच्या मोरीत वाकून बघितलं. जाळीखाली पाणी, काळंभोर, स्थिर. नाक अगदी जाळीपाशी नेलं. ओल्या फरशीचा वास होता, दुसरा कसला म्हणून नव्हता. मग ती घरी आली, आपली जाळी उचलली आणि आपल्या लख्ख, सुक्या खड्ड्यावर नाक नेलं.

ती मागंच सरली. अख्ख्या वसाहतीचा ओढा त्या भोकातून वर येत होता.

तिनं तांब्याभर पाणी ओतलं. बुडबुड झालं आणि पाणी जागच्या जागी थांबलं. ती श्वास धरून बसली, मग हळूच घेतला. थोडा वास हवेत राहिला होता तेवढाच. नवा येत नव्हता. रतनबाई फरशीवर फतकल मारून बसली. लोणच्याच्या बरणीत वर तेलाचा थर असतो. तो कोणी करवंटीनं रोज काढून टाकला आणि वर लोणचं बिघडलं म्हणून कपाळाला हात लावला, तर त्या बाईला आपण काय म्हणू, याचा ती विचार करत होती. बांधणाऱ्याला तिनं ठेवलेली नावंही आठवली. सगळीच्या सगळी.

हसू आलं. पण लगेच थांबलं, कारण आता खरी अडचण उभी होती. साचल्या पाण्याला वास सुटतो, हे सांगितलं कुणी? आणि त्यांना आता, गाठोडं बांधून बसलेल्या असताना, कोणत्या तोंडानं सांगायचं की आत्याबाई, वास तुमच्या शिकवणीचा होता?

तिनं बराच विचार केला आणि काहीच सांगायचं नाही असं ठरवलं.

"आत्याबाई, जायाच्या आधी येक काम करा. तुमच्या नाकाचं हाय. माझ्यानं व्हत न्हाई."

"कांदं आनल्यात का?"

"तसंच समजा."

तिनं सासूला हाताला धरून मोरीत आणलं, पाटावर बसवलं. "आता सांगा."

कुशाबाईंनी डोळे मिटले. "आत्ता न्हाई."

रतनबाईनं करवंटीनं पाणी उपसलं, चिंधीनं टिपलं. "आता?"

"आला." पदर वर गेला. "आयाई, लय आला."

रतनबाईनं तांब्या ओतला. "आता?"

कुशाबाई थांबल्या. एकदा हुंगलं, मान वळवून पुन्हा हुंगलं. "पुन्यांदा कर," म्हणाल्या. रतनबाईनं पुन्हा उपसलं, पुन्हा ओतलं. मग कुशाबाईंनी तिच्या हातातला तांब्या स्वतःच घेतला, चाचपडत जाळी शोधली, बोट खाली घालून पाणी किती आहे ते बघितलं आणि हळूहळू ओतलं. म्हातारीनं तांब्या खाली ठेवला. रतनबाई तिच्या तोंडाकडं बघत होती. तिथं काय काय येऊन गेलं ते तिला वाचता येत होतं, आणि सुनेच्या गप्प बसण्याचा अर्थ सासूलाही कळला होता.

"मला कुनी म्हनलं न्हाई, का हितली मोरी येगळी हाय," शेवटी कुशाबाई म्हणाल्या.

"मला तरी कुठं म्हाईत व्हतं, आत्याबाई."

"वाडीच्या मोरीला कोरडं ठिवायचं. हिला पाजायचं." त्यांनी नवा नियम तिथल्या तिथं ठरवून टाकला. मग कोपरानं सुनेला ढोसलं. "आनि तू गं? मी सांगितलं म्हनून चिंधीनं टिपत बसलीस? येवढं ऐकत्यात व्हय सासूचं?"

संध्याकाळी गेनबा शिफ्ट संपवून आला तर दोघी मोरीच्या उंबऱ्यावर बसून हसत होत्या आणि फरशीवर ओढा वाहत होता.

"आय, सकाळच्या यष्टीला लौकर निघाया लागंल," तो म्हणाला. त्याला अजून काहीच माहीत नव्हतं, आणि वास तर कधीच आला नव्हता.

"तू जा," कुशाबाई म्हणाल्या. "बाजार बघून ये. कांदं आन, पर हुंगून आन. न्हाईतर ऱ्हाऊ दे, तुला काय जमायचं."

त्यानंतर त्या तिथंच राहिल्या. दिवस कलल्यावर तुळशीला पाणी घालून झालं की त्याच तांब्यातलं उरलेलं पाणी मोरीच्या जाळीत जायचं, नेमानं. कुणी वाडीहून आलं आणि "कवा येतीस गं कुशे, घर वाट बघतंय" म्हणालं, की त्या पाटावरून न हलता सांगायच्या, "येनार व्हते. पर मी आले तर हिला पानी कोन पाजील? सुनेच्या भरवशावर ऱ्हायलं तर ती पुसून काढील."

रतनबाई चुलीपाशी बसून हे ऐकायची आणि भाकरी थापताना मान हलवायची, म्हणजे खरंच, आपला काही भरवसा नाही.