मागच्या सीटवरची रुक्माबाई

"काकी, जग कसं असते व?" असं तांड्यातल्या पोरी विचारत, तेव्हा रुक्माबाई सांगे, "निळं असते. मधात शिवण असते आन् खाली पट्टा असते."

पोरी हसत. पण बाई खोटं बोलत नव्हती. श्रीलंका म्हणा, व्हिएतनाम म्हणा, जॉर्जिया म्हणा, डबल सीटच्या सायकलीवर मागं बसून तिनं जे जग पाहिलं, त्यातलं अर्धंअधिक म्हणजे नवऱ्याच्या शर्टाची पाठच होती.

नवरा, किसनसिंग राठोड, एसटीचा ड्रायव्हर. सगळी नोकरी राळेगाव-यवतमाळ आणि यवतमाळ-राळेगाव. रिटायर झाला त्या दिवशी म्हणाला, "आता जिथं एसटी जात नाई, तिथं जाईन." लोकांना वाटलं, हाराच्या भरात बोलून राह्यला. पण बुढा खरंच निघाला. आधी दोघं नेपाळात पायी डोंगर चढून आले. मग पुण्याच्या लखननं, म्हणजे त्यांच्या पोरानं, ती लांबलचक सायकल आणून दिली आणि बाईच्या नशिबी मागची सीट आली.

"आपले बापजादे बैलावर मीठ लादून मुलूखभर हिंडले," किसनसिंग म्हणे. "आपल्या रक्तातच चालणं हाये."

"ते हिंडले ते आपल्याले बसता यावं म्हनून," रुक्माबाई म्हणे. असं म्हणे आणि पिशवीत ज्वारीचं पीठ भरायला घेई. कारण ती घरी राहिली असती, तर तांडा म्हणाला असता, बाई दमली. आणि रुक्माबाई दमली हे ऐकणारा माणूस अजून जन्माला यायचा होता.

आता किरगिझस्तानचं निघालं होतं. बर्फाचे डोंगर, घोडे, तंबू. परवा निघायचं, उद्या सेवालाल महाराजांच्या देवळापुढं निरोपाचा कार्यक्रम, आणि आज शेवटचा सराव. लुगड्याखाली लखनची जुनी पँट चढवून बाई सकाळीच मागच्या सीटवर बसली.

श्रावणातली उघडीप होती. सोयाबीनमध्ये निंदणाऱ्या बायांनी शेताच्या धुऱ्यावरून हाक मारली, "काकी, ड्रायव्हरले म्हना, आमच्या थांब्यावरबी गाडी थांबवा!"

"आधी तिकीट काढा," रुक्माबाई ओरडली. पण एवढ्या बोलण्यानंच तिला धाप लागली. चढ सुरू झाला होता.

चढ कसला, बैलगाडी रमतगमत चढेल एवढाच. तरी तिच्या मांड्या दगडासारख्या झाल्या. महिनाभर रोज असंच होत होतं. बुढी झालीस मेले, ती मनातल्या मनात स्वतःला म्हणाली. रात्री पाठ टेकली तरी थकवा काही उतरत नव्हता, सकाळी तो तिच्या आधी उठून बसलेला असे. शेवटी तिनं जरा पायातला जोर काढून घेतला. अशी लबाडी ती कधीमधी करी. पुढं नवऱ्याचा घोडा जुंपलेला असे, त्यामुळे सायकल थोडी मंद होई, बस.

आज सायकल जागीच थांबली. मग मागं घरंगळली. दोघांनी कसेबसे पाय टेकले.

"चेन अडकली," किसनसिंग म्हणाला आणि खाली वाकला.

चेनला काही झालेलं नव्हतं. तो मात्र वाकला तो वाकलेलाच राहिला, एक हात डाव्या मांडीवर रोवून. बाईचं पोलकं घामानं पिळून काढावं असं झालं होतं. समोर नवऱ्याची पाठ मात्र इस्त्रीच्या शर्टासारखी कोरडी होती.

त्या सायकलीचे चारही पायडल एकमेकांना बांधलेले. एकानं जोर लावला, की दुसऱ्याचे पाय आपोआप फिरतात. कोण ओढतो आणि कोण नुसता फिरतो, हे बघणाऱ्याला कळत नाही. रुक्माबाईला आता कळलं. महिनाभर ती एकटी दोघांना ओढत होती.

"डाव्या पायाले काय झालं?" तिनं विचारलं.

"काय व्हते? मुंग्या येतात जराशा. क्लच दाबून दाबून."

"क्लच सोडून जमाना झाला. डाक्टरले दाखवू."

"डाक्टर म्हनीन, बसा. मंग काय करू? ओट्यावर बसून येनाऱ्या-जानाऱ्या एसट्या पाहू? त्या उत्तमसिंगासारखा?"

"त्या बरफात पडसान, तं उचलन कोन तुमाले?"

"नाई पडत."

"मंग मी येतच नाई."

किसनसिंग हसला. संसारभर तिला ओळखत होता तो. "असं म्हनतं? तं उद्या सगळ्या तांड्यासमोर सांग, का माया जोर संपला, मायाच्यानं होत नाई. सांग, मंग मी सायकल विकून टाकतो."

रुक्माबाईनं पदर खोचला. सायकल ढकलत तिनं वर नेली. तोही हँडल धरून चालला, म्हणजे हँडलच त्याला धरून होतं.

दुसऱ्या दिवशी देवळापुढं मंडप, खुर्च्या, माईक. उत्तमसिंग तांड्याचा नाईक. त्यानं नारळ दिला आणि दोन शब्द म्हणून पुष्कळ बोलला. रुक्माबाईच्या सुनेनं, पुष्पानं, त्या दोघांना टिळा लावला. जमनी पहिल्याच रांगेत. तिची नि रुक्माबाईची सुना म्हणून तांड्यात आल्यापासून चढाओढ. कोणाच्या भाकरी पातळ, इथपासून. किसनसिंग माईकवर उभा राहिला आणि किरगिझस्तानच्या खिंडीत वारा कसा असतो ते सांगू लागला. बोलता बोलता त्यानं भार उजव्या पायावर घेतला. तांड्याला दिसलं नाही, रुक्माबाईला दिसलं.

ती उठली. माईक मागितला नाही. तिच्या आवाजाला कधी लागलाच नव्हता.

"आमचं जानं रद्द हाये. माया जोर संपला. मायाच्यानं होत नाई. थकली मी."

मंडपातल्या माना तिच्याकडं वळल्या. मग जमनीनं टाळी दिली बाजूचीला. "घ्या! आखीर थकलीच म्हना व रुक्माबाई! मी तं कवाची म्हनत होती."

किसनसिंगनं बायकोकडे पाहिलं. मग गळा खाकरून माईकमध्ये म्हणाला, "मी तं तय्यारच होतो बाप्पा. पन बाईमानसाले घेऊन जानं म्हनलं का असं व्हते. काय करता?"

लोक हसले, काहींनी टाळ्या वाजवल्या. रुक्माबाईच्या जिभेवर चार उत्तरं आली. एकेक असं, की बुढा पुन्हा माईक धरता ना. तिनं चारही गिळली. कडू औषध घोटाघोटानं उतरतं तशी ती उतरली.

जमनी लाल प्लास्टिकची खुर्ची घेऊन आली. "बस व बाई, बस. दमलीस ना!" रुक्माबाई सगळ्यांसमोर, तिच्या हातची खुर्ची घेऊन बसली.

किसनसिंग तिच्या मागं येऊन उभा राहिला आणि खुर्चीच्या पाठीवर हात टेकून जॉर्जियाच्या गोष्टी सांगू लागला. लोक ऐकत होते. त्याचा सगळा भार त्या हातावर आला तशी खुर्ची मागं झुकायला लागली. रुक्माबाईनं कोणाला न दिसतील अशा दोन्ही टाचा जमिनीत रुतवल्या, आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत खुर्ची हलू दिली नाही.