गाद्यांच्या सेलखाली गेलेला आवाज

मी एक जुनी कॅसेट आहे. गाण्यांची नव्हे, टीव्ही स्टेशनची. जाडजूड पुस्तकाएवढी, काळी, जड आणि सध्या भयंकर चिडलेली. जुन्या वस्तूंनी गोड बोलावं, डोळे पुसत आठवणी सांगाव्यात, अशी तुमची अपेक्षा असेल तर मित्रांनो, माफ करा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आहे, आणि मला तर धड तळपायही नाहीत.

ज्या स्टेशनात मी आले ते लहानच होतं. खाली एक स्टुडिओ आणि त्याला लागून ऑफिस, वर एक सामानाची खोली आणि मध्ये एक कुरकुरणारा जिना. गावाच्या बातम्या संध्याकाळी तिथूनच जायच्या आणि त्या एक बाई द्यायच्या. त्यांना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत. टेबलाच्या वर इस्त्रीचा कोट, टेबलाखाली घरातल्या सपाता. कोट मागून सैल व्हायचा म्हणून पाठीला कपडे वाळत घालायचे चिमटे लावलेले असायचे. लोकांना फक्त समोरची बाजू दिसायची. भाजी घ्यायला गेल्या की भाजीवाली वजन करता करता विचारायची, “बाई, उद्या पाऊस आहे का हो?” जणू बाईच पाडणार होत्या.

बाईंच्या शेजारच्या खुर्चीत बातम्या द्यायला एक गृहस्थ बसायचे. दोघांचे केस एकदमच पांढरे व्हायला लागले. त्यांच्या पांढऱ्या केसांना साहेब म्हणाले, “वा, काय भारदस्त दिसताय.” बाईंच्या टेबलावर मात्र केस रंगवायची बाटली आणून ठेवली. साहेब म्हणजे स्टेशनचे प्रमुख. उंटावरून शेळ्या हाकण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

मग एके दिवशी नदीवरचा पूल पडला. भर दुपारी, शाळा सुटायच्या वेळेला.

बाई घरातल्या कपड्यांत धावत आल्या. कोट नाही, चिमटे नाहीत, केस तसेच. खुर्चीत बसल्या त्या अंधार पडेपर्यंत उठल्याच नाहीत. कोण कुठल्या दवाखान्यात आहे, कुठला रस्ता मोकळा आहे, रक्त कुठे द्यायचं, हे सगळं त्या सांगत राहिल्या. पाणीसुद्धा दुसरं कुणी बोलत असेल तेव्हाच प्यायल्या. त्या दिवशी आम्ही पाच कॅसेट भरलो. मी शेवटची.

दुसऱ्या दिवशी बाईंनी आम्हा पाचही जणींना मांडीवर घेतलं. आमच्या पोटाखाली एक लाल बटण असतं. ते काढून टाकलं की आमच्यावर नवीन काही भरता येत नाही. बाईंनी पाचही बटणं काढली. प्रत्येकीच्या पाठीवर कागद चिकटवला आणि स्वतःच्या हाताने लिहिलं: ‘पूल. पुसू नये.’

यापेक्षा स्पष्ट कुणी काय लिहायचं, तुम्हीच सांगा.

साहेबांना एक दिवस गाद्यांच्या सेलचा कार्यक्रम भरायचा होता. नव्या कॅसेट वरच्या खोलीत होत्या. साहेबांनी जिन्याकडे पाहिलं, मग आम्ही होतो त्या फळीकडे पाहिलं आणि म्हणाले, “आता वर कोण जातंय? ही घ्या.” दुसऱ्या एका कॅसेटचं लाल बटण काढून त्यांनी माझ्या पोटात बसवलं. बाईंच्या अक्षरावर नवा कागद डकवला, ‘गाद्या’. वाचता येत नव्हतं असं नाही. वाचलं, आणि वरून चिकटवला. माझ्या चारही बहिणी पुढच्या महिन्याभरात अशाच गेल्या. एकीवर टाईल्स, एकीवर लॉटरीची सोडत, बाकी दोघींवर कुणाच्या तरी सत्काराचं भाषण. दोन कॅसेटभर भाषण!

वर्षाने पुलाचा दिवस आला. बाईंनी लोकांना दाखवण्यासाठी मला शोधून काढलं आणि यंत्रात घातलं. पडद्यावर एक माणूस गादीवर उड्या मारत होता.

“साहेब, यावर पूल होता,” बाई म्हणाल्या.

“अहो बाई, नवा पूल बांधला की आता,” साहेब म्हणाले आणि त्यांनी यंत्र बंद केलं.

बाईंनी त्या संध्याकाळी नेहमीसारख्या बातम्या दिल्या. आवाज जराही हलला नाही. मला मात्र फळीवरून साहेबांच्या डोक्यात पडावंसं वाटत होतं. शिवाय मला एक गोष्ट माहीत होती, जी कुणालाच माहीत नव्हती. सेलचा कार्यक्रम माझ्यापेक्षा लहान होता. तो संपल्यावर माझ्या शेवटच्या टोकाला पूल अजून शिल्लक होता. पण शेवटपर्यंत पाहिलं कुणी? आणि मी सांगणार कशी? कुणी लावलं तरच मला तोंड फुटतं.

पुढे साहेब म्हणाले, “बाई, तोंड जुनं झालं.” लोकांचा निरोपही घेऊ दिला नाही. एका सोमवारी बाईंच्या खुर्चीत एक नवी मुलगी होती. लोक फोन करून विचारायचे, तर उत्तर मिळायचं, “रजेवर आहेत.” दोन वर्षं रजेवर! गरज सरो नि वैद्य मरो. शेजारचे भारदस्त गृहस्थ मात्र काठी टेकत येईपर्यंत बातम्या देत होते.

मग स्टेशन बंद झालं आणि फळ्या रिकाम्या करून सगळ्या कॅसेट भंगारात गेल्या. मी वाचले, कारण साहेबांनी मला आधीच गादीवाल्याला भेट दिलं होतं. म्हणजे मला वाचवलं कुणी, तर गाद्यांनी. याचाही मला रागच येतो.

गादीवाल्याकडे मी वर्षानुवर्षं डुगडुगत्या कपाटाच्या पायाखाली होते. तिथे एक दिवस बाईंची लेक आली. बाईंच्या गळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि आवाज कायमचा गेला होता. बाईंच्या नातीने आजीला बोलताना कधी ऐकलंच नव्हतं. लेक गावभर विचारत फिरत होती, कुणाकडे आईचा आवाज आहे का. सगळ्या गावाने रोज ऐकलेला आवाज, आणि तो कुणाकडेच नव्हता.

“एक कॅसेट आहे, ताई, पण तिच्यात मीच आहे, उड्या मारतोय,” गादीवाला म्हणाला आणि त्याने मला ओढून काढलं. ‘गाद्या’चा कागद कडेने सुटला होता. खालून अक्षर दिसत होतं. लेकीने ते लगेच ओळखलं.

माझं यंत्र आता फक्त एका म्हाताऱ्या फोटोग्राफरकडे होतं. तिथे बाई, लेक आणि नात अशा तिघी आल्या. पडद्यावर गादीवाला उड्या मारू लागला तशी बाईंनी मान फिरवली आणि हातानेच सांगितलं, बंद करा. फोटोग्राफरने बटणाकडे हात नेला. पण नात खदाखदा हसत होती. “थांबा ना काका, तो जाडा पडणार आहे. पडू दे ना.”

मित्रांनो, त्या हसण्याच्या जोरावर मी पुढे सरकत राहिले.

गादीवाला पडला नाही. कार्यक्रम संपला, पडदा खरखरला, आणि विस्कटलेल्या केसांच्या बाई समोर आल्या. त्या सांगत होत्या, “मोठ्या दवाखान्यात सहा-सात वर्षांची एक मुलगी आहे. निळा फ्रॉक, पुढचे दोन दात पडलेत. नाव सांगत नाहीये, घाबरलीये. तिला कुठे लागलेलं नाही. तिने आत्ताच दूध-बिस्किटं खाल्लीत. तिच्या घरच्यांनो, सावकाश या, धावू नका, ती कुठे जात नाहीये.” असं एकेका मुलाबद्दल, टेप संपेपर्यंत.

नातीने पडद्याकडे पाहिलं, मग आजीकडे. “आजी, तू तर अगदी आईसारखी बोलायचीस.”

येताना वाटभर बडबडणारी लेक एकदम गप्प झाली. बाईंनी तिची हनुवटी धरली आणि तिला बोल, बोल, अशी खूण केली. मग बाईंनीच टेबलावर थाप मारली, पुन्हा लावा म्हणून.

मी पुन्हा लागले. माझी नक्कल काढून झाली आहे, आता मला काही झालं तरी चालेल. पण माझा राग गेलेला नाही आणि जाणारही नाही. बाकी चौघींवर कोणाकोणाची मुलं होती, कोण कुठे सुखरूप होतं, बाई काय काय बोलल्या होत्या, ते आता बाईंनासुद्धा आठवत नाही. म्हणून सांगते, कुणाचं काही पुसायला निघालात तर आधी ते शेवटपर्यंत पाहा. आणि ते ज्याचं आहे तो माणूस समोर असेल तर त्याला विचारा. बाई तेव्हा शेजारच्याच खोलीत बसल्या होत्या, आणि त्यांना बोलता येत होतं.