पडद्याची उजवी कड

मित्रांनो, मी एक जुना फिशफाइंडर आहे. कारखान्यात मला पाण्याच्या टाकीत सोडून तपासलं, आणि तेव्हापासून मी एकदाही चुकलो नाही. मी होडीखाली आवाज सोडतो. तो तळावर, माशावर आपटून परत आला की पडद्यावर त्याचं चित्र काढतो. जाड, ठळक पट्टा म्हणजे खडकाळ तळ, कमान म्हणजे मासा. ताजं चित्र उजव्या कडेला उमटतं आणि डावीकडे सरकत जातं. डावीकडे दिसतं ते मागे पडलेलं पाणी. आहे काय त्यात अवघड?

पण मला विकत घेतलं एका शिंप्यानं, आणि त्याला कुणी काही शिकवलेलं खपत नसे. कमान डावीकडे सरकली की हा होडीच्या डाव्या बाजूला गळ टाकायचा. धाकटा भाऊ हसायचा.

"अरे दादा, तो मासा मागे राहिला. पुस्तिका वाच की जरा!"

"गप रे दीडशहाण्या! आधी ते फुगलेलं जॅकेट काढ. कुकुलं बाळ दिसतोयस."

धाकट्याला पोहता येत नव्हतं. तरी दोन वर्षं टोमणे खाऊन एके दिवशी त्यानं ते काढलं.

त्याच सकाळी अडकलेला गळ ओढताना त्याचा तोल गेला आणि तो होडीखालीच बुडाला. माझ्या उजव्या कडेला एक जाड रेघ तळाकडे उतरली. वारा होडीला पुढे नेत होता, तशी ती रेघ डावीकडे सरकली. थोरल्यानं ती पाहिली आणि डाव्या बाजूला उडी मारली. तीन बुड्या मारल्या त्यानं. भाऊ केव्हाच मागे राहिला होता.

"यंत्रानं दगा दिला," असं त्यानं आईला सांगितलं. घरादारानं मला शिव्याशाप दिले आणि माळ्यावर टाकलं.

महिन्याभरानं आई मला दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेली. थोरल्याला सोबत जावंच लागलं. दुरुस्तीवाल्यानं मला तपासलं. "मावशी, हा तर ठणठणीत आहे!"

"मग हे वाचायचं कसं?"

त्या बिचाऱ्यानं हौसेनं सगळं समजावलं. आई थोरल्याकडे वळली. "धाकट्यानं तुला सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं."

आई एकटीच घरी निघून गेली. थोरला काउंटरपाशी तसाच उभा राहिला. "थोडा तरी बिघाड असेल ना हो? परत एकदा बघा ना." मला त्याची दया आली नाही.

मित्रांनो, मला पुसा, जपा, असं मी म्हणत नाही. मला आधी वाचायला शिका. माझ्यात बिघाड निघावा म्हणून हात जोडायची वेळ तुमच्यावर येऊ नये.