तेजरामच्या हातची सतरंजी

मित्रांनो, मी एक जुनी सतरंजी आहे. पण पायपुसणं समजाल तर खबरदार! सोळा हात लांब, निळ्या-तांबड्या पट्ट्यांची. बाहत्तर साली भंडाऱ्याकडे मुलांची एक सुधारशाळा होती, तिथल्या मागावर माझा जन्म झाला.

मला विणणारा तेजराम तेव्हा चौदा वर्षांचा. गावच्या पाटलाच्या खळ्यावरून त्याने धानाचं पोतं उचललं होतं, म्हणून कोर्टाने त्याला दोन वर्षं तिथे ठेवलं. सूत तुटलं की तो रडायचा. विणकाम शिकवणारे पवनीचे गोमाजी मास्तर म्हणायचे, "रडून काय होते बे? गाठ मार अन् समोर चाल."

शाळेच्या प्रदर्शनातून त्याच्याच गावच्या पंचांनी मला पसंत करून नेलं. लग्न असो, तेरवी असो, पंगतीला मीच. "का मजबूत वीण हाये!" म्हणत सगळे मला थोपटायचे. मीही फुगायचे.

चौऱ्याहत्तरात तेजराम सुटून आला. त्या गावची रीत अशी, की चुकलेल्या माणसाला पंगतीत जेवू घातलं तरच तो पुन्हा गावचा. नाहीतर त्याला ना कोणी कामाला बोलावणार, ना पोरगी देणार. पाटलाच्या घरच्या लग्नात तेजराम हात धुऊन माझ्या टोकाला बसला. त्याची आई कौशल्याबाई भात वाढत होती. लेकाच्या पत्रावळीवर तिने भात घातला, तोच सुखराम पाटील ओरडले, "ऊठ बे चोट्ट्या! तुले कोनं बसवलं?"

"पाटीलजी, सजा भोगली ना मी. अन् ही सतरंजी मीच विनली जी."

"मंग घेऊन जातं का तिलेबी, पोत्यावानी?"

पंगत हसली. हसता हसता जेवलीसुद्धा. मित्रांनो, इतकी वर्षं लोकांचं खरकटं माझ्यावर सांडलं, पण किळस आली ती त्या दिवशी.

तेजराम उठला. कौशल्याबाईने भाताचं टोपलं तिथेच आपटलं. "माह्या पोराच्या पानावरचा भात नेऊ का पाटील, का तोबी चोरीचा होते?" असं विचारून तिने ती पत्रावळ उचलली आणि लेकामागे चालती झाली.

दुसऱ्या दिवशी पंचांनी तो बसला होता तेवढा कोपरा गोमूत्राने धुतला. तेवढाच! माझा धागा न् धागा त्याच्या बोटांतून गेला आहे, हे त्या शहाण्यांना सुचलं नाही.

तेजराम पवनीला मास्तरांच्या घरी मागावर बसला, तो गावात परतलाच नाही. आता शहाऐंशी साल उजाडलं. मी विरले, उंदरांनी कुरतडले. तरी मला झटका, उन्हात घाला, असं मी सांगणार नाही. कोर्टाने ज्याची सजा संपवली, त्याला दुसरी सजा देणारे तुम्ही कोण? तुमच्या गावी असा पोरगा परत आला, तर जरा सरकून बसा. अन् त्याचं पान आधी वाढा.