जावईबापूंचं अस्तर

शिवणक्लासच्या बाईंना कपडा सुलट बाजूने बघणाऱ्यांचा मनस्वी तिटकारा. सुलट बाजूला काय, इस्त्री मारून कोणीही इभ्रत राखतं. शिवणाऱ्याची अक्कल कळते ती उलट्या बाजूला. म्हणून बँकेत काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीने "बाई, वेबसाइटचं पानही उलटं करून बघता येतं" म्हणत माउसचं उजवं बटण दाबलं आणि पानाचा सोर्स, म्हणजे पानामागचं कंसांनी भरलेलं लिखाण, उघडून दाखवला, तेव्हा बाईंना ते फार आवडलं.

क्लासची वेबसाइट जावयाने बनवली होती. जावई म्हणजे ओठांत साखर. "हो आई, छान आई, लगेच करतो आई." बाईंना अशा गोड बोलण्याचा हल्ली वीट आला होता. क्लासात अकराजणी होत्या, त्यातल्या चारच उरल्या. गेलेल्यांपैकी एकीनेही धड कारण सांगितलं नाही. कोणाकडे पाहुणे, कोणाची कंबर. आपला हातच आता गेला, असं बाई धरून चालल्या आणि ते त्यांना फार लागलं. शेवटी त्यांनी फोन उचलला.

"जावईबापू, पानावर टाका. या महिन्यापासून क्लास बंद."

"हो आई, लगेच टाकतो."

दोन दिवसांनी बघतात तर सूचनेचा पत्ता नाही. बाईंनी उजवं बटण दाबलं. कंसांच्या त्या रानात सूचना होती, पण पानावर दिसू नये अशा खुणांमध्ये कोंबलेली. आणि तिच्या डोक्यावर, कोणी वाचणार नाही अशा खात्रीने, जावयाने स्वतःसाठी लिहून ठेवलं होतं:

"सूचना झाकलीय. विचारलं तर सर्व्हर बंद सांगायचं. म्हातारीसारखी बाही कोणाच्या बापाला बसवता येत नाही. पोरी पळतात त्या तिच्या जिभेमुळे. तिथे एक टाका घातला तर क्लास भरेल. पण सांगणार कोण? मी नाही."

बाईंनी ते तीनदा वाचलं. आधी तळपायाची आग मस्तकात गेली. मग "हे काज आहे की उंदराचं बीळ?" हे आपलंच वाक्य आठवलं, आणि ते ऐकून हुंदके देणारी पोर आठवली. आणि मग, लाज सोडून सांगायचं तर, त्यांना हायसं वाटलं. हात शाबूत होता. जीभ काय, आवरता येईल.

त्यांनी फोन लावला.

"जावईबापू, सूचना दिसत नाही."

"आई, तो सर्व्हर बंद आहे हो."

"राहू दे बंद. सूचना काढूनच टाका. आणि बावन्नाव्या ओळीत 'म्हातारी' आहे ना, तिथे 'सासूबाई' करा. बाकी मजकूर बरोबर आहे."