येतो म्हणाले

गाइड मोरिता-सानच्या हातात पिवळं निशाण होतं आणि त्या निशाणामागून आठ माणसं निमूट चालली होती. कामाकुरा म्हणजे जपानची जुनी राजधानी, वळणावळणावर देऊळ. पण उत्तराचं लक्ष एकाही देवळात नव्हतं. ते होतं सासऱ्यांच्या पांढऱ्या टोपीवर. टोपी कुणाच्या आड गेली की तिचा श्वास अडकायचा, दिसली की सुटायचा.

सकाळी फुनाबोरीच्या घरून निघताना नवऱ्याने, सत्यजितने, तिला स्वयंपाकघरात गाठलं होतं. बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडला आणि म्हणाला, "आज अण्णा पुन्हा असे कुठे निघून गेले ना, तर मी त्या संस्थेला होकार कळवून टाकणार. विषय संपला."

संस्था पुण्याबाहेर होती. विसरभोळ्या म्हाताऱ्यांसाठी. वेबसाइटवर हिरवळ होती, हिरवळीवर प्लास्टिकच्या खुर्च्या, खुर्च्यांवर म्हातारे, आणि सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला. फाटकाला आतून कुलूप असतं, हे तिथल्या माणसाने फोनवर अगदी अभिमानाने सांगितलं होतं. पंढरीनाथ, म्हणजे अण्णा, बायको गेल्यापासून ठाण्यात एकटे राहत होते. तीन महिन्यांच्या व्हिसावर मुलाकडे आले होते. आता परतताना ठाणे की ते कुलूप, एवढंच ठरायचं होतं.

आणि हे सगळं कशावरून, तर मागच्या महिन्यातल्या एका रविवारावरून. अण्णा घरातून नाहीसे झाले. जेवायची ताटं मांडून सगळे वाट बघत बसले, भात गार झाला, तरी पत्ता नाही. शेवटी पोलीस चौकी. संध्याकाळी अण्णा सापडले नदीच्या बांधावर, गळ टाकून बसलेल्या लोकांशेजारी, मजेत. सत्यजितला त्या पोरगेल्या पोलिसापुढे कमरेत वाकून माफी मागावी लागली. बाप हरवल्यापेक्षा ते वाकणं त्याला जास्त लागलं होतं. उत्तराला हे पक्कं ठाऊक होतं, कारण त्या रात्री तो बापाविषयी दोन वाक्यं बोलला आणि पोलिसाविषयी वीस.

"काय सांगतेय ती बाई?" अण्णांनी विचारलं. मोरिता-सान इंग्रजीत बोलत होती, तेही जपानी वळणाचं.

"नंतर सांगतो, अण्णा."

"नंतर म्हणजे कधी? मी मेल्यावर?"

सत्यजितने दात आवळले. गटातलं म्हातारं इटालियन जोडपं वळून हसलं. ते सिएनाचे, तेही पर्यटकांचंच गाव. आमच्या खिडकीखालून रोज अशी निशाणं जातात आणि आम्ही वरून त्यांना नावं ठेवतो, असं तो म्हातारा मघाशी म्हणाला होता. अर्ध्या जगाला वळसा घालून आता तोच निशाणामागे चालत होता. उत्तराने हे मराठीत सांगितलं तेव्हा अण्णा इतके खदखदून हसले, की त्या दोन म्हाताऱ्यांची तिथल्या तिथे दोस्ती झाली.

बुद्धाच्या प्रचंड मूर्तीपुढे गट थांबला. उत्तराने अण्णांच्या कानाशी लागून सांगितलं, "पूर्वी हिच्यावर देऊळ होतं म्हणे. समुद्र आत आला आणि घेऊन गेला. मूर्ती तेवढी राहिली."

"समुद्र? इथे कुठाय समुद्र?"

"अण्णा, लोक ऐकतायत," सत्यजित म्हणाला.

"मग ऐकू दे की. समुद्र कुठाय विचारलं, शिवी नाही दिली."

"प्लीज."

अण्णा गप्प झाले. जन्मभर ज्याला कुणी 'प्लीज' म्हणून गप्प केलं नव्हतं तो माणूस गप्प झाला आणि बाकावर जाऊन बसला.

मूर्ती आतून पोकळ होती आणि पोटात शिरता येत होतं. अण्णांना तो जिना झेपणार नव्हता. उत्तरा म्हणाली, मी थांबते. पण सत्यजितला वाटलं, इतक्या लांब येऊन न बघता जायचं म्हणजे मूर्खपणा. "तन्वी आहे ना. तन्वी, आजोबांवर लक्ष ठेव." नऊ वर्षांच्या तन्वीने मान डोलावली. ती जपानी शाळेत जायची. तिचं मराठी म्हणजे स्वयंपाकघरापुरतं: भूक लागली, नको, अजून वाढ.

आत अंधार होता. उत्तरा मूर्तीच्या पाठीचा गार धातू हाताने चाचपत होती आणि अचानक सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले. जिशिन देस्, जिशिन देस्. भूकंप, भूकंप. मग धक्का आला. पायाखालचं हललं, डोक्यावरचं घुमलं, कुणीतरी रडायला लागलं. उत्तराच्या मनात आलं ते मरणाचं नव्हतं. टोपी. बाहेर टोपी आहे ना?

हादरे थांबले तशी ती जिन्यावरून धडपडत बाहेर आली. तन्वी बाकाखाली, शाळेत शिकवल्याप्रमाणे डोकं हातांनी झाकून बसली होती. एकटी.

"आजोबा कुठायत?"

"येतायत."

"कुठून?"

"शिरानाई." माहीत नाही. "येतो म्हणाले."

म्हणजे शौचालयात असतील. सत्यजित तिकडे धावला. मग दुकानांकडे. मग पुन्हा बाकाकडे. येतो म्हणालेत ना, मग जागा सोडायची नाही, म्हणून सगळेच थांबले. खांबांवरचे भोंगे खरखरले आणि एक बाई शांत आवाजात बोलायला लागली. त्सुनामीचा इशारा दिला आहे, समुद्रकिनाऱ्यापासून दूर जा, उंचावर जा. आवाज इतका शांत, की तो ऐकूनच घाम फुटावा. दोन वर्षांपूर्वी ईशान्येला त्सुनामीने काय केलं ते इथल्या प्रत्येकाने पाहिलं होतं. कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

"आपण चढावरच्या देवळात जायचं. सगळ्यांनी. आत्ता," मोरिता-सान म्हणाली.

"बघितलंस?" सत्यजित उत्तराला म्हणाला. "पुन्हा तेच. न सांगता. मी काय म्हणत होतो?"

त्याचा चेहरा पांढरा पडला होता. भीती खरीच होती. पण त्या भीतीच्या पोटात 'मी काय म्हणत होतो' होतं, आणि ते उत्तराच्या कानशिलात बसलं. बाप पाण्यात जायची वेळ, आणि याला आपण खरे ठरल्याचा हिशेब! आपलं खरं व्हावं म्हणून माणूस कुठवर जाईल, याला धरबंध नाही.

ती तन्वीपुढे उकिडवी बसली. "बाळा, नीट आठव. आजोबा काय म्हणाले? जसंच्या तसं."

"येतो गं, म्हणाले."

"तेव्हा त्यांचं तोंड कुठे होतं? तुझ्याकडे?"

तन्वीने फाटकाकडे बोट केलं. "तिकडे. पाठ होती."

उत्तरा उठून उभी राहिली.

उंबऱ्याबाहेर पाय टाकताना मराठी माणूस 'जातो' म्हणत नाही. जातो म्हणून गेलेला परत येत नाही. दुकानात जाताना येतो, कामावर जाताना येतो, बोटीत चढताना, विमानात बसताना येतो. हे कुणी कुणाला शिकवत नाही. पण जपानात वाढलेल्या पोरीला हे कुणी सांगायचं? तिच्या लेखी येतो म्हणजे येतोय. म्हणून ती बसली वाट बघत. आणि त्या रविवारी? 'तन्वी, आजोबा कुठायत?' 'येतायत.' मग आपण शहाण्यांनी ताटं मांडली.

"सत्यजित, ते गेलेत."

"ते दिसतंयच."

"दिसत नाहीये तुला! सांगून गेलेत. मागच्या वेळी पण सांगूनच गेले होते. हिला 'येतो' कळला नाही." तिचा आवाज चिरकला. "आणि समुद्राकडे गेलेत. मघाशी विचारत होते ना? तू सांगितलं नाहीस, ते स्वतः बघायला गेले."

तन्वी सत्यजितच्या कमरेला मिठी मारून रडत होती. तो एक पाऊल पुढे आला, पोरगी सोडेना, आणि तेवढ्यात उत्तरा फाटकाबाहेर पडलीसुद्धा. मागून मोरिता-सान ओरडली, "दामे! दामे देस्!" नको, जायचं नाही. उत्तराने ऐकलं आणि पळत राहिली.

रस्ता सरळ खाली जात होता. अख्खं गाव वर येत होतं आणि ही एकटी खाली. कुत्र्यांना कडेवर घेतलेल्या बायका, ओल्या अंगाने, लाटांवर खेळायच्या फळ्या घेऊन धावणारी पोरं, हातगाडीत म्हातारीला बसवून ढकलणारा दुकानदार. खांबाखांबावर निळ्या पाट्या: इथून समुद्रसपाटी इतकी खाली. प्रत्येक पाटीवरचा आकडा आधीच्यापेक्षा लहान. तिने पाट्या वाचणं सोडून दिलं. आणि टोप्या! या गावातले झाडून सारे म्हातारे पांढरी टोपी घालतात की काय? एकाचा तिने दंड धरला, तो भांबावून वळला, दुसऱ्याच्या मागे धावली, तोही नव्हे. "अण्णा!" ती ओरडली. या देशात रस्त्यात कुणी असं ओरडत नाही. "अण्णा हो!"

"अगं ए! तू खाली कुठे निघालीस?"

रस्त्याच्या पलीकडून, गर्दीबरोबर, विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, बूट हातात, अण्णा वर चालले होते. टोपी खिशात.

"सगळे वर चाललेत, दिसत नाही का तुला? मागे फिर आधी!"

उत्तराला त्यांच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं आणि एक ठेवून द्यावीशीही वाटली. तिने दोन्हीतलं काही केलं नाही. त्यांचा हात धरला आणि दोघं चढ चढू लागले. धापा टाकत अण्णा म्हणाले, "भाषा नाही कळली. पण लोक समुद्राकडे पाठ करून पळतायत, म्हणजे आपणही पळायचं, एवढं कळतं हो मला अजून."

चढावरच्या देवळाच्या अंगणात गर्दी होती. इटालियन म्हाताऱ्याने अण्णांना आधी पाहिलं आणि मिठी मारली. सत्यजित तिथेच उभा होता. दोन्ही हात खाली सोडून.

"सांगून जाता येत नाही, अण्णा?"

"सांगितलं की. तन्वीला. येतो म्हटलं."

"हो, येतो म्हणाले!" तन्वी हमसून म्हणाली. "आणि आलेच नाहीत!"

खाली समुद्र दिसत होता, सपाट, राखाडी, काहीच न करणारा.

उत्तराने तन्वीला जवळ घेतलं. "तू सकाळी शाळेत जाताना दारात काय म्हणतेस?"

"इत्तेकिमास."

"म्हणजे?"

"जाते आणि येते."

"तोच. आजोबांचा येतो म्हणजे तोच."

तन्वीने डोळे पुसले आणि आईकडे अशा काही रागाने पाहिलं, की उत्तरा तो राग जन्मात विसरणार नव्हती. "मग मला आधी का नाही सांगितलं?"

लाट आली ती वीतभर. इशारा मागे घेतला गेला आणि दुपार कलताना गाड्या सुरू झाल्या. छोट्याशा स्टेशनच्या फलाटावर सत्यजित, अण्णा, तन्वी एका बाकावर ओळीने बसले. उत्तरा मुद्दाम उभी राहिली. बसली असती तर ती दोघांच्या मध्ये बसली असती, आणि लग्नापासून तिने तेवढंच केलं होतं.

"मला त्या संस्थेचं माहीत आहे," अण्णा समोर बघत म्हणाले. "नळ सोडला म्हणून ऐकू येत नाही असं नाही."

सत्यजित रुळांकडे बघत राहिला.

"तुझी सोय होत असेल तर कळव त्यांना. मी काही भांडायचा नाही. पण मग आता नातीला कळेल असं बोलायला हवं." ते तन्वीकडे वळले. "तन्वी, आजोबा जा—"

"अण्णा!" सत्यजित ताडकन उठला. "असं म्हणू नका. येतो म्हणा."

फलाटावरची माणसं वळून बघायला लागली. त्याने पर्वा केली नाही.

"येतो म्हटलं की मी वेडा," अण्णा म्हणाले, "आणि जातो म्हटलं की अपशकुन. एक काय ते ठरव, बाबा."

गाडी आली. माणसं चढली, दारं मिटली, गाडी गेली. हे चौघं तिथेच. सत्यजितने खिशातून फोन काढला, उत्तरापुढे धरला. "तू सांगतेस त्यांना? जमणार नाही म्हणून?"

"तू ठरवलं होतंस. तूच सांग."

त्याने फोन मागे घेतला. "अण्णा, त्या माणसाला फोन करून येतो," म्हणाला आणि पाठ फिरवून फलाटाच्या टोकाकडे चालू लागला.

तन्वीने त्याच्या पाठीकडे पाहिलं. मग आजोबांची बाही ओढली. "म्हणजे बाबा गेले ना?"

"गेला," अण्णा म्हणाले. "येईल."